ताईंना सविनय, डाव्या पायाच्या अंगठ्याबाबत

तीर्थरूप कालोलाइने ताईंना धाकट्या भावाचा, लिसिआतेचा, बसल्या जागेवरून कमरेत वाकून नमस्कार. (उभं राहून का नाही, ते ओघाने येईल. घाई करू नये.)

ऑकलंडची थंडी तुमच्या गुडघ्यांशी कशी वागते आहे? भाऊजींचा खोकला गेला का? नातवंडं आपली भाषा बोलतात, की नुसती समजल्यासारखी मान हलवतात? इकडे सगळं क्षेम आहे. कोनफळाचं पीक असं आलंय की एक कंद उचलायला दोन माणसं लागली, त्यातला एक मी होतो. (दुसरा फांगुपो, पण त्याने नुसता हात लावला.) चर्चचं छप्पर नवं झालं. आपल्या गायकवृंदाने यंदाही बेटावर पहिला नंबर काढला, आणि वृंदप्रमुख कोण, हे मी माझ्या तोंडाने सांगणं बरं दिसत नाही.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, हे मला कळतं. पण ताई, पुढचा मजकूर शरीराचा आहे. भावाने मोठ्या बहिणीशी स्वतःच्या शरीराविषयी बोलायचं म्हणजे आपल्या वडिलांनी कबरीत कूस बदलली असती, आणि त्यांची कूस बदलायला शेवटी शेवटी चार माणसं लागायची. त्यापेक्षा कागद बरा. तो खाली मान घालून ऐकतो. पाद्रीणबाई परिषदेसाठी ऑकलंडला येताहेत, त्यांच्या पिशवीतून पाठवतो आहे.

तर सुरुवात पिसिलापासून. पिसिला म्हणजे तुमच्या वर्गातल्या अनाची धाकटी मुलगी, ती आता आपल्या बेटाची नर्स आहे. लहानपणी माझ्या वृंदात बेसूर गायची म्हणून मी तिला मागच्या रांगेत बसवत असे. मला वाटतं तिने ते मनात ठेवलंय. तीन-चार महिन्यांपूर्वी एका रविवारी प्रार्थना संपल्यावर ती दाराशी एक टेबल मांडून बसली. बोटाला टाचणी टोचायची, रक्ताचा थेंब कागदाच्या पट्टीवर घ्यायचा, पट्टी यंत्रात घालायची की यंत्र रक्तातली साखर सांगतं. आणि तिच्या शेजारी वही-पेन घेऊन कोण बसलेलं? आमची फुसी! नवऱ्याला न विचारता. (विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं, पण आधी दोन दिवस विचार केला असता.) लोक दाराशी घुटमळत होते. म्हटलं, प्रमुखाने मागे राहणं बरं नव्हे. छाती काढून पुढे झालो, बोट दिलं.

एकोणीस पूर्णांक चार.

या यंत्राच्या मापात ती सातच्या आत असावी, असं पिसिला म्हणाली. आता ताई, आपल्या घराण्याला लहान काही जमलेलंच नाही, हे तुम्ही जाणता. वडिलांची शवपेटी सुताराला दोनदा करावी लागली. आजोबांच्या लग्नात चाळीस डुकरं होती. त्यामुळे एकोणीस ऐकून मला, खोटं कशाला बोलू, आधी बरंच वाटलं. माझ्या मागे फांगुपो होता. जो माणूस शेतीपासून गाण्यापर्यंत जन्मभर माझ्या बरोबरीचा म्हणवून घेतो, त्याची निघाली अकरा! मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो म्हणाला, "लिसिआते, फिजीच्या साखर कारखानेवाल्यांना कळू देऊ नकोस. ऊस लावायचं सोडतील आणि तुलाच पिळतील." सगळे हसले. पिसिला हसली नाही.

मग माझ्या लक्षात आलं की सकाळी उजव्या हाताने मी चहात साखर ढवळली होती. म्हणून डाव्या हाताचं बोट पुढे केलं. एकोणीस पूर्णांक सहा. फुसीने तो आकडा शाळेत हजेरी घेतात त्या आवाजात वाचला आणि वहीत लिहिला. (तिचं अक्षर काय सुरेख आहे, ताई. लग्नाला चौतीस वर्षं झाली, आणि ते मला त्या दिवशी नीट दिसलं.)

मला गोळ्या मिळाल्या, रोज जेवणाआधी घ्यायच्या. त्या मी नेमाने घेतल्या, एकदाही चुकवल्या नाहीत, हे कोणीही सांगेल. माझा विचार इतकाच होता की गोळीने पोटात जाऊन राबायचं, तर रिकाम्या पोटी गडी राबत नाही. म्हणून प्रत्येक गोळीबरोबर मी पावाची एक जाड चकती, वर आटवलेलं दूध लावून, देत असे. शिवाय गोळी साखर खाते म्हटल्यावर एरवीपेक्षा थोडं अधिक खायला हरकत नव्हती. महिनाभराने साखर एकवीस झाली. पिसिला म्हणाली, "काका, गोळ्या घेता ना?" मी म्हटलं, "मुली, गोळ्यांची जितकी बडदास्त मी ठेवतो तितकी राजवाड्यातही ठेवत नसतील." फुसीने तेव्हा चकतीचा उल्लेख केला. बायकांना नको तिथे उल्लेख करायची सवय असते.

आता मुख्य हकीकत. छप्पर झालं त्याची मेजवानी होती. प्रत्येक घराचं एक टेबल, आणि आपल्या घराचं टेबल म्हणजे काय, हे तुम्हांला सांगायला नको. टेबलाचे पाय वाकायला हवेत, नाहीतर वडिलांचं नाव घालवलं. मी तीन डुकरं घातली होती, अळूच्या पानांत डबाबंद गोमांस आणि नारळाचं दूध बांधलेल्या साठ पोटल्या, आणि तुमच्या न्यूझीलंडहून येणाऱ्या मेंढीच्या चरबीदार फासळ्या दोन टोपल्या. जमिनीतली भट्टी उघडायचा मान कर्त्या पुरुषाचा. अनवाणी उभा राहून मी हुकूम सोडत होतो. पानं उचला, तो दगड सरकवा, डुक्कर सांभाळा, पाय धरून नको, पोटाखालून! आणि एकाएकी सगळ्यांचे हात थांबले. माझ्याकडे पाहू लागले. मला वाटलं, माझं भाषण आवडलं.

फांगुपो म्हणाला, "अरे, तू दगडावर उभा आहेस!"

खाली पाहिलं. खरंच भट्टीतून घरंगळलेल्या तापल्या दगडावर माझा डावा पाय होता. लाल होता तो दगड, ताई. आणि मला काही म्हणता काही नाही! एवढे लोक बघताहेत म्हटल्यावर घाईने पाय काढणं मला शोभलं नसतं. मी म्हटलं, "मग? दगड काही तक्रार करतोय का?" आणि सावकाश, जणू आता इथलं काम झालं अशा बेताने, पाय उचलून बाजूला ठेवला.

ताई, काय तो जल्लोष! बायका टाळ्या वाजवत नाचायला पुढे आल्या. म्हातारा तोको उठून उभा राहिला, म्हणाला, "बापाचं रक्त आहे! याचा बाप वादळात सहा तास होडी धरून होता!" कोणीतरी माझ्या गळ्यात फुलांचा हार घातला. उभ्या आयुष्यात इतकं कौतुक माझं झालं नव्हतं. तुम्ही त्या वेळी तिथे असायला हव्या होता, असं मला राहून राहून वाटलं. तेवढ्यात टेबलापाशी उभी असलेली फुसी नाक वर करून म्हणाली, "डुक्कर करपतंय वाटतं, बघा जरा."

डुक्कर करपत नव्हतं.

पिसिला हातातली पोटली टाकून धावत आली आणि चारचौघांत माझ्या पायाशी गुडघे टेकून बसली. मला फार अवघड झालं. "काका, दुखतंय?" मी छाती काढून म्हटलं, "अजिबात नाही!" लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. तिने मात्र फुसीकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "अजिबात नाही म्हणतात. तेच तर." मग मला म्हणाली, "काका, डोळे मिटा. मी काडीने टोचते, कुठे टोचतेय ते सांगा." मी डोळे मिटले. बराच वेळ गेला. मी म्हटलं, "टोचायला लाग म्हणजे सांगतो."

ती म्हणाली, "काका, चार वेळा टोचून झालं."

टाळ्या तेव्हा थांबल्या.

पुढचे तीन आठवडे मी ती जखम मोठ्या हिमतीने सांभाळली. पाला वाटून बांधला, खोबरेल तेल चोपडलं, रविवारी मोजा आणि बूट घालून वृंद चालवला. बेटावरच्या इतर कोणीही केलं नसतं. वास येऊ लागला तेव्हा गळ्यात जास्त फुलं घालू लागलो. वरच्या पट्टीत गाणाऱ्या बायका रविवारी माझ्यापासून एक पाऊल मागे उभ्या राहू लागल्या, तो मी आदर समजलो. फुसी भांडली नाही. ती भांडत नाही, हेच मला बरं वाटत नव्हतं. एका सकाळी तिने मोजा काढला, अंगठ्याकडे पाहिलं (तो तोवर आपल्या भट्टीच्या दगडासारखा काळा झाला होता), उठली, माझी चांगली लुंगी आणि तिच्यावरून कमरेला गुंडाळायची मानाची चटई पिशवीत भरली आणि म्हणाली, "विमान अकराला आहे. चालत येणार, की गायकवृंदाला उचलायला बोलावू?" मी चालत गेलो. (विमानतळावर प्रत्येकाचं वजन करतात. माझ्या वजनावर दोन प्रवासी पुढच्या विमानासाठी मागे ठेवावे लागले. अजूनही आपल्या घराण्यात दम आहे.)

राजधानीच्या इस्पितळातला डॉक्टर म्हणजे मिसरूड फुटलेला मुलगा. म्हणाला, "अंगठा गेला तर पाय वाचेल." मी म्हटलं, "करंगळी घ्या. ती नाहीतरी काही काम करत नाही." तो म्हणाला, यात अदलाबदल चालत नाही. मग मी उदारपणे होकार दिला.

त्या खोलीत आम्ही बारा जण होतो, ताई. सगळ्या बेटांवरचे. बारा माणसं आणि सतरा पाय. सगळे आपल्यासारखेच, धिप्पाड, चांगल्या घरचे, मेजवान्या घालणारे. कोणी बोलत नव्हतं. दिवसभर भिंतीकडे तोंड. मला हे कसं सहन व्हावं? दुसऱ्या दिवशी मी खाटेवर बसून सूर दिला आणि विचारलं, "खर्जात कोण आहे?" कोपऱ्यातून निउआ बेटाचा होसेआ म्हणाला, "मी." दोन्ही पाय गुडघ्यापासून गेलेला माणूस, पण आवाज असा, की खिडकीची काच थरथरायची. चार दिवसांत चार आवाजांचा वृंद बसवला. नर्सा दारात उभ्या राहून ऐकायच्या, बायकांच्या खोलीतून फर्माइशी यायच्या, आणि तो मिसरूडवाला डॉक्टर रोज सकाळी आमच्याच खोलीपासून फेरी सुरू करू लागला. आपल्या चर्चच्या वृंदाने आजवर जेवढे नंबर काढले, ते सगळे मी या वृंदावरून ओवाळून टाकेन. हे फांगुपोला सांगू नये.

होसेआने मला एकदा सांगितलं, "दहा वर्षांपूर्वी आमच्याकडेही नर्स यंत्र घेऊन आली होती. मी म्हटलं, पुढच्या खेपेला. खूप बोटी येऊन गेल्या, लिसिआते. माझी पुढची खेप काही आली नाही." मग म्हणाला, "उद्या ते दुसरं स्तोत्र धरूया. त्यात खर्जाला चांगलं काम आहे." सकाळी त्याच्या खाटेवर धुतलेली चादर घडी करून ठेवलेली होती. आम्ही ते स्तोत्र गायलो. खर्जाची जागा कोणीही भरली नाही, ती तशीच ठेवली. गाणं मध्ये मध्ये पोकळ वाजत होतं आणि एकालाही ते लपवावंसं वाटलं नाही.

त्याविषयी मी गमतीने काही लिहू शकत नाही, म्हणून पुढे जातो.

अंगठा मी मागून घेतला. आपल्या माणसाचा कुठलाही भाग परक्या मातीत टाकून यायचा नाही, ही वडिलांची शिकवण. त्यांनी तो नीट बांधून आइस्क्रीमच्या डब्यातून दिला. परतीच्या विमानतळावर वजन करणाऱ्याने मला काट्यावर उभं केलं, मग डबा पाहून विचारलं, "यात काय?" मी म्हटलं, "मीच." त्याने दोन्ही आकडे निमूटपणे एकत्र लिहिले.

अंत्यविधी साधाच केला. शंभरेक माणसं होती, जास्त नाही. वडिलांच्या पायाशी जागा दिली. पाद्रीबुवांची पंचाईत झाली, कारण प्रार्थनेच्या पुस्तकात अंगठ्यासाठी काही नाही. शेवटी त्यांनी 'जे आपल्याआधी पुढे गेले' ही प्रार्थना म्हटली, आणि मला वाटतं अंगठ्याच्या बाबतीत ती चपखल होती. चालताना तोच तर पुढे असायचा. विधीला मोठ्या बहिणीचा मान म्हणून तुमच्या नावाने एक बारीक विणीची चटई बाजूला काढली आहे. आखूड आहे, पण मयतही आखूड होतं.

आणि त्या विधीला फांगुपो रडला. हमसून रडला. मला वाटलं, माझ्यासाठी. घरी जाताना काठी टेकत मी त्याच्या बरोबरीने चाललो होतो, तेव्हा म्हणाला, "लिसिआते, माझ्या टाचेला महिनाभरापूर्वी शिंपला कापला. मला कळलंच नाही. मुलीने रक्ताचे ठसे दाखवले तेव्हा कळलं." दुसऱ्या दिवशी तो पिसिलाच्या दारात होता. ती यायच्या आधीपासून.

आता फुसीविषयी. ताई, चौतीस वर्षांपूर्वी तुम्ही या लग्नाला नाखूश होता, मुलगी बारीक आहे म्हणालात. ती अजून बारीक आहे. पण आज आपल्या बेटावर सगळ्यांत मोठं माणूस कोण, असं कोणी विचारलं तर मी घराण्याचा विचार बाजूला ठेवून तिचं नाव घेईन. पिसिलाने तिला सगळं शिकवलं. तिने आजवर दोनशे बारा बोटं टोचली आहेत, त्यात सरदारसाहेबांचं एक. (ते ओरडले. मी ओरडलो नव्हतो.) पहाटे ती बायकांना घेऊन धक्क्यापासून चर्चपर्यंत झपाझपा चालते. पहिल्या आठवड्यात लोक दारातून विचारायचे, "कोणाचं डुक्कर सुटलंय?" तेव्हा त्या चौघी होत्या. आता त्रेचाळीस आहेत, आणि डुकरंच त्यांना वाट देतात. माझ्या पायांकडे ती रोज भिंग घेऊन बघते. या वयात कोणी आपल्याकडे इतकं निरखून बघावं, याचं सुख मी कोणाजवळ बोललो नव्हतो.

गेल्या महिन्यात गायकवृंदांचा मेळा झाला, पुन्हा टेबलं मांडली. आमचं टेबल तिने मांडलं. भाजलेला मासा, उकडलेलं कोनफळ, नीरफणस, अळूची पानं नारळाच्या पातळ दुधात, पपई. डुक्कर नाही, फासळ्या नाहीत, एक डबा उघडलेला नाही. टेबलाचे पाय सरळ उभे होते, ताई. मला त्या सरळ पायांकडे बघवत नव्हतं. शेजारच्या टेबलावरून कुजबूज आली, "लिसिआतेकडे काही अडचण आहे का?" मी ताठ बसून राहिलो, पण कान जळत होते. आमच्याकडे तिघंच बसली होती. पिसिला, पाद्रीबुवा आणि कुजबूज ऐकू न येणारी तोकोची बायको. मी उठलोच होतो, घरून चार डबे आणतो म्हणून, तेवढ्यात फुसी उभी राहिली. मेजवानीत भाषण पुरुषांचं, तेही जेवण झाल्यावर. ती मध्येच उभी राहिली.

म्हणाली, "या टेबलावरून काय काय कमी केलंय, ते तुम्हां सगळ्यांना दिसतंय. मुद्दाम केलंय. पुढच्या वर्षी या टेबलावरून माझा नवरा कमी झालेला मला नको आहे. तुमचाही नको आहे. ज्यांना कंजुषी वाटते त्यांनी खुशाल वाटून घ्या." आणि बसली. दोन्ही हात तिने टेबलाखाली घेतले. मी काय केलं, ते चारचौघांत करत नाहीत. मी टेबलाखाली तिचा हात धरला.

सगळा गाव उठून आमच्याकडे आला, असं मला लिहायला आवडलं असतं. तसं झालं नाही. पहिला फांगुपो आला, ताटली घेऊन. मग चालणाऱ्या बायका, एकेक करून, काही नवऱ्यांना ओढत. शेवटी तिसेक माणसं झाली. बाकीच्यांनी डुकरावर ताव मारला. फांगुपोही आमचा मासा संपवून पलीकडे फासळ्या खाऊन आला, मी पाहिलं. पण आधी तो आमच्याकडे आला.

डॉक्टर आता रोज पोटाला सुई घ्या म्हणतो, इन्सुलिनची. ते मी विनयाने नाकारलं आहे. सुई सुरू झाली की वर्षाच्या आत माणूस जातो, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक आहे. (फुसी म्हणते, माणसं मरायला टेकल्यावर सुई घेतात, म्हणून मरतात, सुईने नाही. तिचं म्हणणं तिच्यापाशी.) संध्याकाळी 'कावा' मुळीचं पेय पीत पुरुष बसतात, त्या बैठकीत सगळ्यांसमोर मी सांगून टाकलंय, लिसिआतेला सुई शिवणार नाही. तो शब्द गावभर झाला. तेव्हा तो विषय संपला.

एकूण सगळं उत्तम आहे. काळजीचं काही कारण नाही. मुद्दाम यायची तर मुळीच गरज नाही, विमानभाडं उगाच. तुमच्या गुडघ्यांना ऊब मिळो आणि आमच्यावरची मर्जी अशीच राहो.

आपला आज्ञाधारक धाकटा भाऊ,
लिसिआते

ता. क. नाताळला तुम्ही दरवर्षी पिंपभर गोमांसाचे डबे पाठवता. यंदा ते पाठवू नयेत. पिंप रिकामं जाऊ नये म्हणून त्यात रक्त तपासायच्या यंत्राच्या पट्ट्या भराव्या. इथे त्या संपतात, मग फुसी लोकांना परत पाठवते आणि संध्याकाळी कोणाशी बोलत नाही.

ता. क. २. वर सगळं उत्तम लिहिलं आहे. त्यात थोडी दुरुस्ती. शेजारचं बोट काळं पडू लागलंय. डॉक्टर पुढच्या मंगळवारी आपल्या बेटावर येतो आहे. म्हणतो, सुई सुरू केली तर इथेच थांबेल, नाहीतर पुढच्या वेळी गुडघ्याखाली. ताई, मला भीती वाटते. सुईचीही वाटते, पण होसेआच्या घडी घातलेल्या चादरीची जास्त वाटते. मात्र चारचौघांत दिलेला शब्द मी आता मागे कसा घेऊ? फुसीचं ऐकलं तर बायकोचं ऐकलं म्हणतील, डॉक्टरचं ऐकलं तर घाबरला म्हणतील. आपल्याकडे पुरुषाच्या शब्दाहून वरचा एकच शब्द आहे, मोठ्या बहिणीचा. तो मोडायची कोणाची छाती नाही, आणि तो पाळला म्हणून कोणी हसत नाही. तेव्हा कृपा करून सोमवारी संध्याकाळी पाच वाजता फोन करावा आणि मला सुई घ्यायचा हुकूम करावा. मी बैठकीत सांगेन, मी घेणार नव्हतो, पण ताईंपुढे कोणाचं चालतं?

ता. क. ३. हुकूम मोठ्याने करावा, बाहेरपर्यंत ऐकू जाईल असा. प्रेमाने बोलू नये. प्रेमाने बोललात तर मला रडू येईल आणि सगळं मुसळ केरात जाईल. या पत्राचा उल्लेख नको. विशेषतः फुसीला हे कळता कामा नये.

ता. क. ४. वन्सं, मी फुसी. पाकीट चिकटवायला यांनी माझ्याकडेच दिलं, आणि चौतीस वर्षांत यांचं एकही पत्र मी न वाचता चिकटवलेलं नाही. सोमवारी नक्की ओरडा. पुरुषांची कावा पिण्याची बैठक त्या दिवशी आमच्या खिडकीखाली भरवायची मी फांगुपोला सांगितलं आहे, म्हणजे सगळ्यांना ऐकू येईल. सुई कशी टोचायची, ते मी संत्र्यावर आणि मग फांगुपोवर शिकून ठेवलंय. घाबरत नाही मी आता. एकच मागणं आहे. पाद्रीणबाईंच्या पिशवीत यंत्र दिलंय. तुमचंही बोट त्यांच्यापुढे करा. यांच्यावर हुकूम चालवायला निदान तुम्ही आहात. तुमच्यावर चालवायला कोणीच नाही, वन्सं, म्हणून पाया पडून सांगते आहे.